अप्पांची पायरी

५ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अप्पांच्या डोळ्यांना आता उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वाचलं आणि दिवसभर कवळ्या घासताना लक्ष लागेना. एकाचा सुळा मी दाढेच्या जागी बसवत होतो, शेजारच्या कारागिरानं वेळीच हात धरला.

पण आज छाती फुगवून सांगावी अशी बातमी आहे. 'म्हातारी' सापडली! अप्पांच्या तुकडीची गाडी, लढाईत मोडलेले रणगाडे मागे ओढून आणणारी. तुझ्या वाचनालयातल्या त्या उशीएवढ्या इतिहासात तिच्या वाट्याला एकच ओळ आली आहे, की निकामी रणगाडे मागे आणण्यात आले. कुणी आणले, कशानं आणले, देव जाणे. माझ्या हाती आलंय ते अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक, आणि अख्खं त्याच जातीच्या गाड्यांवर. चारही बाजूंची मापात काढलेली चित्रं आहेत, साखळदंड कुठे लटकायचा आणि कुदळ कुठे बांधायची तेही आहे. आम्हा मॉडेलवाल्यांना युद्ध का झालं हे माहीत नसलं तरी भागतं, पण गाडीची डावी बाजू माहीत नसेल तर काम अडतं. आणि फोटोवाले मेले सगळे उजवीकडेच उभे राहतात!

आता खाली बस. एकतिसाव्या पानावर म्हातारीचा डावीकडून फोटो आहे आणि मागच्या चाकाच्या वर पायरी आहे. खाली छापलंय, "ही पायरी कारखान्यातली नाही. तुकडीतल्या कुणीतरी मागाहून जोडलेली दिसते." बुटक्या साहेबाला चढता यावं म्हणून अप्पांनी फुटक्या पत्र्यातून केलेली तीच पायरी, ताई! घरात कुणी थाप मारली की आई तिला 'अप्पांची पायरी' म्हणायची आणि आपण खिदळायचो. अप्पाही हसायचे, पण जरा उशिरा.

वाढदिवसाला त्यांना म्हातारीचं छोटं मॉडेल करून देणार आहे. चिखलाचे तीन थर, त्यावर गंज, असा रंग काढतो की बघत राहावं. अप्पांना सुगावा लागू देऊ नकोस.

तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा बारीक पुस्तकांवरही असावा.

तुझा,
धाकटा


१३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक उ. आ.

बारीक पुस्तकांची एवढी तरफदारी करतोस, तर एकदा माझ्या खुर्चीत बसून बघ. त्यांच्या कण्यावर क्रमांक चिकटवायला जागा नसते. दोन जाड्यांच्या मध्ये शिरली की वर्षभर तोंड दाखवत नाहीत. म्हणून मी ती जिन्याखालच्या खोक्यात टाकते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे तुझं पालुपद मला पाठ आहे.

पण पायरीचं वाचून हसू आलं नाही. अप्पा हल्ली खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून असतात. परवा पाहुण्यांनी विचारलं, की तुम्ही फौजेत काय करायचात. एरवी तासभर ऐकवणारा माणूस, एवढंच म्हणाला, की पुष्कळ लोक होते, त्यातला मी एक. मी आत जाऊन उगाच भांडी घासत राहिले. आपल्या हसण्यानं त्यांना आता स्वतःचीच आठवण खोटी वाटू लागली की काय, ही भीती माझ्या मनातून जात नाही. म्हणून ही गाडी त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवी.

मात्र एक सांग शहाण्या, तुझे चिखलाचे तीन थर बघणार कोण? अप्पा आता बोटांनी बघतात. शर्टाची बटणं, पेल्याचा काठ, माझा चेहरासुद्धा. आणि तुझ्या वस्तू म्हणजे लाजाळूची झाडं. तुझ्या विमानावर मी नुसतं फडकं फिरवलं तर पंख हातात आला होता आणि तू महिनाभर अबोला धरला होतास.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान पकडले! रंगवलेली गाडी कपाटात ठेवून दिली. डोळे असून आंधळा तो मीच.

नवी गाडी धातूची केली, आम्ही कवळ्यांच्या पट्ट्या करतो त्याच धातूची. म्हातारीला म्हातारपणी दात आले म्हण ना. पुस्तकातली चित्रं मापाची असल्यामुळे दुप्पट मोठी करून घेता आली, आता चार बोटं सहज फिरतील. रंगाचा एक ठिपका नाही. कामाला लागल्यावर त्या पुस्तकाचं मोल आणखी कळलं. टेबलावर ते उताणं पडून राहतं, जाडजूड ग्रंथासारखं आपणहून मिटत नाही, त्याच्यावर डिंक सांडला तरी रागावत नाही.

पायरी तीनदा केली. फोटोत तिचा पुढचा कोपरा वाकलेला दिसतो. का ते पुस्तकाला माहीत नाही, मलाही नाही, पण आहे तसा वाकवला.

एक सहकारी तिकडे येतो आहे, त्याच्या हाती गाडी आणि पुस्तक दोन्ही देतो. काही न सांगता अप्पांच्या मांडीवर ठेव. त्यांनी ओळखली नाही तर माझं मन राखू नकोस, सरळ लिही.

लोभ असू दे. पुढच्या पत्राकडे डोळे लागलेत.

तुझा,
धाकटा


२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

गाडी सुखरूप पोचली. काल वाढदिवस झाला. तू सांगितलंस तसंच केलं.

अप्पांनी आधी पुढचा भाग चाचपला, मग ओढायचा आकडा, मग चाकं मोजली. गाडी चांगली आहे, जड आहे, एवढं म्हणून ती मला परत देऊ लागले. मी घेतलीच नाही, म्हटलं, डावी बाजू राहिली. त्यांचा अंगठा पायरीवर गेला आणि थांबला. मग कोपऱ्यावर. आणि अप्पा हसले रे, किती दिवसांनी हसले! साहेबानं पहिल्याच दिवशी वरून अवजारांची पेटी आपटून तो कोपरा वाकवला होता आणि वर पायरी कच्ची म्हणून अप्पांनाच झापलं होतं. जेवण निवून गेलं तरी गोष्टी संपेनात. मी एकदाही हसले नाही. एकदा हसले, पण ते साहेबाला.

तुझी बारीक पुस्तकं खोक्यातून काढली. दारासमोर, डोळ्यांच्या उंचीला त्यांना फळी दिली आहे. आता मिरव.

काल जेवणं झाल्यावर मी एकतिसावं पान वाचून दाखवलं. अप्पांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि पेन मागितलं. पुस्तकात लिहिणाऱ्यांना जन्मभर दंड करणारी मी, त्यांचं बोट धरून मीच 'कुणीतरी' या शब्दावर आणलं. तो शब्द त्यांनी खोडला आणि वर वाकड्यातिकड्या, पण मोठ्या अक्षरात लिहिलं, "मी".

लोभ होताच. कालपासून अभिमान जास्त आहे.

तुझी,
ताई