सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू

मामा, सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुम्ही कधी बघितली नसेल. मीही नाही. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही जात नाही, म्हणून बसले लिहायला.

नव्वदीच्या सुरुवातीला मी डिंगोऱ्यात नांदायला आले, तेव्हा घरात भांड्यांपेक्षा चाकूच जास्त! जुन्नरच्या बाजारातून, भंगारवाल्याच्या ढिगातून तुम्ही जुने, गंजलेले घडीचे चाकू उचलून आणायचात, रॉकेलमध्ये भिजवायचात आणि पडवीत पुसत बसायचात. सासूबाई म्हणायच्या, "ह्या मानसाला लोखंडानं येड लावलंय." ह्यांना, म्हणजे तुमच्या लेकाला, त्यात काडीचा रस नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं तुम्ही मला शेजारी बसवलंत. "मुठीवर जाऊ नगं, पोरी. मूठ कुनीबी बदलतंय. पात्याच्या बुडाचा शिक्का बघ, आन् मिटताना आवाज ऐक." मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्यातलाच एक, सांबरशिंगाच्या मुठीचा आणि शिक्क्यात मुकुट असलेला, तुम्ही ह्यांना दिला होता.

मग ते सगळं झालं. नदीवरच्या पाण्याच्या मोटारीवरून ह्यांचं शेजारच्या रानवाल्याशी बिनसलं होतं, ते घरातल्या घरातच माहीत. त्याच्यावर अंधारात मागून वार झाला. जीव वाचला, पण मारणारा कोण ते त्याला दिसलं नाही. त्याच दिवशी मेंढरं उसात शिरल्यावरून त्याची मेंढक्याशी बाचाबाची झाली होती. खतासाठी आपणच त्याची मेंढरं आपल्या रानात बसवली होती. झालं, पोलिसांनी मेंढक्यालाच धरलं.

फौजदार त्याला घेऊन आपल्या दारात उभा आहे. मागे मेंढक्याची बायको, कडेवर पोर. हे गोठ्याच्या दाराशी, तोंडाचं पाणी पळालेलं. फौजदार तुमच्या हातात चाकू देतो. "बाबा, तुम्हाला चाकूंतलं कळतं म्हणतात. बांधावर सापडलाय. ह्या मेंढक्याचाच ना?" तुम्ही चाकू उघडता, मिटता. बुडावरून अंगठा फिरवता आणि अंगठा शिक्क्यावर थांबतो. मी तुमच्या तोंडाकडे बघतेय. आणि तुम्ही काय म्हणालात?

"मला दिसत न्हाई, सायेब. सुनंला दावा. ती वळखंल."

अहो, तुम्हाला दिसायची गरज होती कुठं! तुम्ही ओळखला होतात. लेकाचं नाव घेववेना, गरिबाचा बळी देववेना, म्हणून माझ्या गळ्यात बांधलंत? बाप तुम्ही, चाकू तुमचा, आणि बोलायचं मी? त्या बाईकडे बघितलं नसतं तर खोटं बोलून गेलेही असते.

"आमचा हाये," मी म्हणाले. "ह्यांच्या खिशातला."

मेंढक्याला सोडलं, ह्यांना नेलं. तुम्ही मान खाली घालून बसलात. त्या दिवसापासून मी तुमचं ताट पुढं सरकवायची, पण बोलले नाही. तुम्हीही कधी बोलावलं नाहीत.

हे सुटून आले तोवर तुम्ही गेला होतात. संसार चाललाय, तक्रार नाही. पण जेवता जेवता मधेच हे म्हणतात, "आबांना त्या दिशी दिसत असतं तर त्यांनी मला वाचिवलं असतं. तू न्हाई वाचिवलंस." मी भाकरी वाढते. तुम्ही ओळखला होतात हे ह्यांना अजून सांगितलं नाही आणि हा कागदही चुलीतच जाईल. बायकोवरचा विश्वास तर गेलाच, निदान बाप तरी राहू दे त्यांना.