दोनच्या तासाची झोप

२ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
आजपासून शिस्त. रात्री दहाला झोपायचं, सकाळी सहाला उठायचं. युनिव्हर्सिटी ऑनलाइन झाल्यापासून सगळे गाशा गुंडाळून घरी गेले. माझा रूममेटही गेला, गादीसकट. मी मात्र खोलीवरच राहिलो. आईला सांगितलं, घरी अभ्यास होत नाही, इथे एकाग्रता होते. आज उठायला साडेदहा झाले, पण आजचा दिवस धरायचा नाही.

३ नोव्हेंबर
दहाला आडवा झालो. चारपर्यंत टक्क जागा. दोष उशीचा. उशी बदलली, म्हणजे उलटी केली.

५ नोव्हेंबर
दोनला स्टॅटिस्टिक्सच्या सरांचा तास. कॅमेरा चालू नसेल तर सर हजेरी लावत नाहीत. दोन दहाला डोळे मिटले, ते थेट सव्वाचारला उघडले. आठवड्यातली पहिली गाढ झोप! सरांच्या शिकवण्यात दम नाही, दुसरं काय. तास तीनला संपतो, तरी मीटिंग चालूच होती. बंद करायला विसरले असणार. या वयात टेक्नॉलॉजी जमत नाही माणसांना.

९ नोव्हेंबर
पुन्हा झोपलो. कुणाला कळणं शक्यच नाही. चष्मा, हनुवटीखाली हात, समोर उघडी वही. आरशात तपासून पाहिलं, अगदी चिंतनात बुडाल्यासारखा दिसतो. तपासताना डोळे उघडे होते, पण एवढा फरक चालतो. सर आजही मीटिंग बंद करायला विसरले.

१२ नोव्हेंबर
जालीम उपाय सापडला. सरांचं लेक्चर रेकॉर्ड केलं. आता रात्री तेच लावायचं. पडल्या पडल्या घोरणार. रूममेटला मेसेज करून कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

१३ नोव्हेंबर, दुपारी
रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. झोप नाहीच, उलट स्टँडर्ड डेव्हिएशन समजलं. भलतंच झालं. तोच आवाज, तेच खोकणं, मग अडतंय कुठे? रेकॉर्डिंगमध्ये फक्त स्क्रीनवरचे वर्गातल्यांचे ते चाळीस चौकोन नाहीत. एक जण सतत पेन चावतो, एकीच्या मागून तिची आजी कपडे घेऊन जाते. पण त्यांचा माझ्या झोपेशी काय संबंध? दोष हेडफोनचा.

१६ नोव्हेंबर
ताईचा फोन. विचारत होती, दिवसभर बोलतोस कुणाशी? म्हटलं, पुष्कळ जणांशी. नंतर आठवून पाहिलं. परवा पाण्याचा जार देणाऱ्याशी बोललो होतो. तो म्हणाला रिकामा जार द्या, मी म्हटलं घ्या. ताईला उगाच काळजी करायची सवय आहे. मला एकटं वाटायला वेळ कुठे आहे! उद्यापासून व्यायाम.

१७ नोव्हेंबर
व्यायाम उद्यापासून.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
टर्मचा शेवटचा तास. चारला जाग आली. सगळे चौकोन गेलेले, फक्त सर उरले होते, असाइनमेंट तपासत. मान वर न करता त्यांनी विचारलं, झाली का झोप?
पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाने पाहिलं होतं म्हणे. आजीवाली मुलगी मला उठवणार होती, सरांनीच तिला अडवलं. तेव्हापासून तास संपला की बाकीचे जातात आणि सर मीटिंग तशीच ठेवून काम करत बसतात. मध्येच सगळं शांत झालं तर मला जाग येईल, असं त्यांना वाटायचं. मी म्हटलं, सर, मी डोळे मिटून ऐकत होतो. सर हो म्हणाले. मग म्हणाले, घरी का जात नाहीस? मी एकाग्रतेचं सांगितलं. सर हसलेसुद्धा नाहीत.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आता परीक्षेपर्यंत तास नाहीत, माहीत आहे. तरी दोनला लिंक उघडली. होस्टने मीटिंग सुरू केलेली नाही, असं आलं. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो.
मग आईला फोन लावला. म्हटलं, बोलू नकोस काही, फोन नुसता चालू ठेव आणि तुझं काम कर. तिने विचारलं, बरं नाहीये का? म्हटलं, एक प्रयोग आहे. तिने फोन शिलाई मशीनवर ठेवला. ब्लाऊज शिवायला घेतला असावा, मशीन थांबत थांबत चालत होतं. पुढचं आठवत नाही.
जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. फोन चालूच होता. मशीन बंद होतं. आई दबक्या आवाजात बाबांना दटावत होती, की भांडी हळू ठेवा, तो झोपलाय.
मला एकदम रडू आलं. म्यूट करायचं राहून गेलं.