जळलेली कड

रविवार, नऊ तारीख

प्रिय मामा,

नमस्कार. मी मजेत आहे. मामीला सांग, पोरगं वेळेवर जेवतं. फोन केला की तू "दुकानात गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहितोय.

जनावरांच्या दवाखान्यात आता मला ऑपरेशनच्या खोलीत घेतात. जनावर धरायचं, दिवा सरकवायचा आणि गप्प राहायचं. पहिली दोन जमतात.

इथे विजेची सुरी आहे, पेनासारखी. कापते आणि कापतानाच रक्त थांबवते. बघितल्या बघितल्या तू आठवलास, नायलॉनची पट्टी तापल्या सळईने कापणारा. तोंडातून निघून गेलं, "कड जाळली की उसवत नाही!"

डॉक्टरबाई हसल्या. "शिंप्याचा भाचा का रे तू?"

त्यांनी मांसाचा तुकडा दिला, म्हणाल्या, कापून बघ. भरभर कापलं तर कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ. हळू कापलं तर पायजम्याच्या नाडीएवढी. शिजलेलं, मामा! सुरी लागलीच नव्हती तिथेही. मी अख्खा तुकडा कापून संपवला.

मग बाईंनी एका म्हाताऱ्या कुत्रीची गाठ त्याच सुरीने काढली. रक्ताचा थेंब नाही. गाठ तपासायला पाठवली, तर उत्तर आलं, कड जळलीय, रोग सगळा निघाला की आत राहिला ते सांगता येत नाही.

"घाई नडली माझी," बाई म्हणाल्या. "कडेला साधं पातं हवं होतं."

कुत्री बिचारी पुन्हा टेबलावर. या खेपेला पात्याने कापलं. रक्त आलं, पण उत्तरही आलं. आता ती शेपूट हलवते.

मामी बोलली माझ्याशी. तुझ्या पाठीवरचा तीळ वाढलाय, बनियनला रक्त लागतं, आणि तू तो बाजारातल्या चामखीळवाल्याकडून जाळून घेणार आहेस. हे आधी लिहायचं होतं. सुरीचंच लिहीत बसलो.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर, माणसाचं मी सांगणार नाही. पण जाळून टाकलं तर तपासणार काय? मोठ्या दवाखान्यात ने त्यांना."

तुझ्या मशीनवर मी टिकलो नाही. पायाला भिंगरी आहे म्हणालास, ती आहेच. पुढच्या शनिवारी येतोय. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकावर तुझ्याशेजारी बसेन. हलणार नाही.

तोवर कुणाला सळई तापवू देऊ नकोस.

तुझीच,
भिंगरी