पान एकशे बाराच्या पुढे

लिहून ठेवणार : पंचफुलाबाई बेवा लहानूजी रामटेके, वय अंदाजे एकसष्ट, धंदा बिड्या वळणे, राहणार जरीपटका, नागपूर.

कारणे लिहून ठेवते की, माझे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले आहेत, अक्कल मात्र जागेवर आहे. मला कोणी धाक घातला नाही, गोड बोलून फशी पाडले नाही. गोड बोलायला घरी कोणाला सवडच नाही. मी सांगते आहे आणि अर्जनवीस वामनराव ढोक लिहीत आहेत. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था अशी व्हावी.

कलम १. दोन खोल्या आणि पुढचे आंगण माझा एकुलता मुलगा देवाजी याला द्यावे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला, तिथे मी अडतिसाव्या वर्षी वाचायला शिकले. मग याच आंगणात दहा-बारा जणी बिड्या वळायला बसायच्या आणि मी कादंबरी वाचून दाखवायची. माझ्या वाट्याच्या हजार बिड्या त्या सगळ्या मिळून वळून द्यायच्या. वीस वर्षे हे चालले. त्यातल्या निम्म्या गेल्या, बाकीच्या लेकांकडे पांगल्या. आता आंगणात सायकल असते.

कलम २. कात्री, सूप आणि पान कापायचा मापाचा पत्रा सून इंदू हिला. मनाने चांगली आहे. तिला अक्षरओळख नाही. मी गल्लीला वाचून दाखवले आणि घरच्या सुनेला शिकवले नाही. तेव्हा वाटायचे, मी आहे ना वाचायला. हा दोष माझा आहे आणि तो आता निस्तरता येत नाही.

कलम ३. लोखंडी पेटीतील एकशे चाळीस कादंबऱ्या. या सगळ्या सीताबर्डीच्या फुटपाथवर नत्थूजी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घेतल्या आहेत. कोणी पुढे पुस्तके घेईल तर त्याच्यासाठी सांगून ठेवते. कव्हरावरची बाई पाहून घेऊ नये. पानांचे खालचे कोपरे पाहावेत. तेलकट, मळके असले म्हणजे लोकांनी जेवतानाही पुस्तक सोडलेले नाही, असे समजावे. मग मधूनच उघडून उभ्या उभ्या एक पान वाचावे. नत्थूजी ओरडायचा, "काय वं बाई, घेऊन राहिली का इथंच संपवून राहिली?" तो ओरडेपर्यंत भान राहिले नाही, तर ते पुस्तक घ्यावे. आणि शेवटचे पान आहे का, ते आधी पाहावे. या कादंबऱ्या घरातच ठेवाव्यात, पुन्हा किलोवर विकू नयेत. विकतील, मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

कलम ४. कांताबाई मेश्राम, माझी मैत्रीण, हिला पेटीतील सगळ्यात वरचे निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक द्यावे. तेच पुस्तक मी आधी फाटके आणले होते, स्वस्तात मिळाले म्हणून. शेवटची सोळा पाने नव्हती. आंगणात सगळ्या जणी श्वास रोखून बसलेल्या. मला 'पुढे नाही' म्हणवेना. मी पदरचीच गोष्ट रचली आणि कादंबरीतल्या मुनीमजीला खुनी ठरवून मोकळी झाले. पुढे कांताबाईच्या जावयाने ते पुस्तक पुरते वाचलेले निघाले. खून मुनीमजीने केलाच नव्हता. भर आंगणात ती म्हणाली, "तू आम्हाले फसवून आमच्या बिड्या खाल्ल्या. थुंकून राहिली मी तुह्या वाचण्यावर." त्या दिवसापासून ती आली नाही. सहा वर्षे धुंडून मी पूर्ण प्रत मिळवली, पण घेऊन जायचा धीर झाला नाही. तिचे बरोबर होते, एवढे तिला कोणीतरी सांगावे.

कलम ५. उशाखालचे पुस्तक. हे मी पान एकशे बारापर्यंत वाचले आणि अक्षरे विरघळली. त्यातल्या शाळामास्तरणीला जिनिंगच्या गोदामात कोंडले आहे, बाहेर कुलूप आहे, आणि कापसाला आग लागली आहे. दीड वर्ष झाले, ती तिथेच आहे. मला काही करता येत नाही. देवाजी गिरणीतून येतो, जेवतो, आडवा होतो. पुस्तक पुढे केले की म्हणतो, "माय, थकून आलो ना मी. काहून डोकं खाऊन राहिली?" खोटे बोलत नाही तो, थकतोच. नात बालवाडीत आहे. ती शिकेपर्यंत मी कुठली राहते!

म्हणून मी वामनरावांना म्हटले, असे लिहा की उरलेली पाने जो वाचून दाखवील त्यालाच खोल्या मिळतील. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुम्ही मेल्यावर लागू होते." मेल्यावर मला कोण वाचून दाखवणार? शिवाय खोल्यांसाठी वाचणारा मधली पाने गाळील आणि मला कळणारही नाही. तेव्हा ती अट मी सोडली. मी वामनरावांनाच विचारले, दोन पाने तरी वाचता का? पुस्तक पिशवीत आणले होते. ते म्हणाले, "बाहेर लोक खोळंबले आहेत, बाई." खरेच खोळंबले होते, त्यांचे खोकणे ऐकू येत होते. ते पुस्तक माझ्याबरोबर जाळावे.

वरील मजकूर कायद्याप्रमाणे वामनरावांनी मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही न गाळता, वाचून दाखवला. दीड वर्षात मला कोणी एवढे वाचून दाखवले नव्हते. पुढे काय येणार हे सगळे मला ठाऊक होते, तरी मी बिड्या बाजूला ठेवून बसावे तशी बसून ऐकले.

ठिकाण : नागपूर. तारीख : ९ फेब्रुवारी १९८१.

सही : पंचफुलाबाई रामटेके (ओळ वाकडी गेली आहे, सही माझीच आहे)

साक्षीदार :
१. धोंडबा गणूजी वासनिक, जरीपटका
२. मार्तंड शिवराम खोब्रागडे, नंदनवन

लिहिणार : वामनराव ढोक, अर्जनवीस. बाईंच्या विनंतीवरून मजकूर तीन वेळा वाचून दाखविला.