डावीकडून तिसरी रांग

९ जुलै १९५४, शुक्रवार

कामावरचा अकरावा दिवस. अंबरनाथहून टांग्यानं सिंधी निर्वासितांच्या कॅम्प ४ च्या दवाखान्यात, साडेआठला हजर. ह्यांना अजून पटलेलं नाही. "गोष्टी लिहिणाऱ्या बाईनं आता लोकांच्या रक्ताच्या नोंदी लिहायच्या!" पहिल्यांदा हसून म्हणाले होते. काल म्हणाले तेव्हा हसू नव्हतं.

काम तसं सोपं. लीलारामदादा रक्त तपासतात, मी निकाल वहीत उतरवते, डॉ. सही करतात. आधी दादा स्वतःच निकाल टिपत, पण सिंधीत. डॉ. ना ती लिपी येत नाही. म्हणून मी.

दादा सिंधमध्ये मोठ्या इस्पितळात होते. येताना सर्टिफिकेट राहून गेलं, त्यामुळे इथं हुद्दा 'मदतनीस'. मला 'अदी' म्हणतात. ताई.

११ जुलै, रविवार

दादा ज्यावर रक्त तपासतात त्या पाटाबद्दल लिहून ठेवते, पुढे कधी गोष्टीत येईल.

लष्कराच्या भंगारात विमानाच्या खिडकीची जाड, काचेसारखी पारदर्शक चीप मिळाली. ती वीतभर कापून दादांनी बटणं करणाऱ्या कारागिराकडून तिच्यात खळगे पाडून घेतले. बारा उभ्या रांगा, प्रत्येकीत आठ खळगे. एक रांग, एक माणूस. खाली खाली जावं तसं रक्ताचं पाणी पातळ होत जातं. एका लाकडी पट्टीला आठ काचेच्या नळ्या बांधल्यात, पट्टी टेकवली की आठही खळग्यांत एकदम थेंब. मग रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी तळाशी घट्ट ठिपका दिसला तर विषमज्वराची खूण नाही. दुधावर साय धरावी तसं पसरलेलं दिसलं तर आहे.

नळ्यांवर दिवसभर हात चालवावा लागणारं काम इथं तासाभरात. तेही बारा जणांचं! डॉ. हा पाट मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला नेणार आहेत. "आपला पाट" म्हणतात. दादा ऐकून नुसते चष्मा पुसतात.

एकच गोष्ट मला खटकते. नळीवर नावाची चिठ्ठी असायची. खळग्यावर नाव कुठं लिहिणार? पाटाचा एक कोपरा कानशीनं उडवलाय. "अदी, कटा हुआ कोना हमेशा ऊपर, दाएँ हाथ को. बस, इतना ध्यान." मी रोज दोनदा बघते.

२४ जुलै, शनिवार

छावणीच्या मोठ्या स्वयंपाकघरावर संशय. तिथून शाळेला आणि विधवांच्या बराकीला जेवण जातं, आणि ताप नेमका तिथंच. डॉ. म्हणाले, काही माणसं स्वतः ठणठणीत असतात पण जंतू बाळगतात, हातातून अन्नात जातात. स्वयंपाकाच्या बाराही बायकांचं रक्त काल घेतलं. बरोब्बर एक पाट.

नावं मीच क्रमानं लिहिली. तिसरी इश्वरी, तेविशीची, विधवा, पदराला पाच वर्षांची रुक्मी. सुई टोचताना म्हणाली, "बाई, मेरे में खून है कितना, देख के लेना." सगळ्या हसल्या. दहावी जसोदामाई. सगळ्या कॅम्पला तिच्या हातची चव. दर शनिवारी माझ्यासाठी फडक्यात गोड लोलो, म्हणजे गुळाची जाड पोळी, बांधून ठेवते. तिनं आधी दादांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग दंड पुढे केला.

आज सकाळी पाट उबेतून काढला. अकरा रांगांत ठिपके. एकीत साय. डावीकडून तिसरी.

पुन्हा मोजलं. एक, दोन, तीन. वहीत लिहिलं. तिसरी, इश्वरी.

२६ जुलै, सोमवार

इश्वरीला नेलं. छावणीच्या टोकाला, तारेपलीकडे साथीच्या रोग्यांची बराक आहे, तिथं. ती ओरडली नाही. डॉ. ना एवढंच म्हणाली, "मुझे तो कभी बुखार आया ही नहीं, साहब." डॉ. म्हणाले, "म्हणूनच तर."

स्वयंपाकघरातल्या बायका तिची थाळी, वाटी, अंथरूण आगीत टाकत होत्या. कुणीतरी म्हणालं, नवऱ्यालाही हिनंच खाल्लं असेल. जसोदामाई रुक्मीला कडेवर घेऊन उभी. "मी सांभाळीन हिला. माझ्याच पानात जेवेल," असं काहीसं सिंधीत म्हणाली.

५ ऑगस्ट, गुरुवार

ताप थांबत नाही. इश्वरीला नेऊन दहा दिवस झाले. विधवांच्या बराकीत आणखी चौघी, शाळेत दोन मुली. डॉ. म्हणतात, आधीचंच बीज आहे, वेळ लागतो उगवायला.

असेल तसं.

दुपारी तारेकडे गेले होते. का गेले, माहीत नाही. इश्वरी पलीकडे उकिडवी बसून खडे वेचत होती. मला बघून उठली. "बाई, आपने खुद देखा था? अपनी आँख से?" मी हो म्हटलं. "तो फिर सच होगा," म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ ऑगस्ट, गुरुवार

रुक्मीला ताप. जसोदामाई तिच्या उशाशी, स्वतःच्या हातानं भरवते. काही सुचत नाही. गोष्टीची वही महिनाभर उघडलेली नाही.

१७ ऑगस्ट, मंगळवार

आजचं नीट क्रमानं लिहिते.

एरवी बारा माणसं जमल्याशिवाय पाट लावत नाहीत. काल मात्र डॉ. ना घाई होती. पाचच माणसं. आज सकाळी पाट बाहेर काढला, कापलेला कोपरा वर उजवीकडे धरला, आणि पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. रांग कोरी. दुसरी कोरी. सातवीपर्यंत कोऱ्या. भरलेल्या पाच रांगा उजव्या कडेला.

"दादा, हे शेवटून का भरलंत?"

"आखिर से कहाँ, अदी? शुरू से भरा है." आणि त्यांनी कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मग मी त्यांची जुनी वही मागितली. उघडली ती मागूनच उघडली. ओळी उजवीकडून निघून डावीकडे येणाऱ्या. जन्मभर तसंच लिहिलंय त्यांनी, तसंच वाचलंय. पाटही तसाच भरला. मी जन्मभर डावीकडून वाचलं. विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच कळलं नाही.

डावीकडून तिसरी म्हणजे उजवीकडून दहावी.

दहावी जसोदामाई.

दादा स्टुलावर बसले. "अदी, वो बच्ची," एवढंच.

१८ ऑगस्ट, बुधवार

डॉ. ना सांगितलं. दादा दाराशी उभे. डॉ. नी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग दार लावलं.

"बाई, बारातली एक सापडायची होती, सापडली. कागद वर गेला, माझ्या सहीनं. आता सांगू, माझ्या माणसांना डावं-उजवं कळत नाही?"

मी म्हटलं, तापाच्या रोग्यांना तुम्ही स्वतः तपासता, जीभ बघता, पोट दाबता. पाट चुकला तरी माणूस समोर असतो. इश्वरी तर धडधाकट होती. तिच्याविरुद्ध माझ्या वहीतल्या एका ओळीशिवाय काहीच नाही.

त्यांनी माझी वही ओढून ती ओळ पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "नळ्यांवर करा. पुन्हा, बाराही जणींचं. प्रत्येक नळीवर नाव. दहावीत मिळालं तरच मी पत्र पाठवीन. तोवर कुठं एक अक्षर बोलायचं नाही. एकीवर उगाच ठपका ठेवलात ना? आता दुसरीवर ठेवाल."

हे शेवटचं मला लागलं, कारण खरं होतं.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "गप्प बस. आणि नोकरी सोड." दोन्ही एकदम कसं करायचं? सोडायची तर कारण सांगावं लागेल.

१९ ऑगस्ट, गुरुवार

रक्त घेतलं. इश्वरीचं तारेपाशी, दादांनी. डोळे मिटून घेतले होते तिनं. विचारलं काहीच नाही. बाकीच्या दहाजणी कुरकुरल्या, पण आल्या.

जसोदामाई नाही. सकाळीच बदलापूरला गेली, त्या म्हणाल्या. कॅम्पातल्या एका शेठनं तिथं भाताची गिरणी घातलीय. थदडीचा स्वयंपाक त्याच्याकडे. रुक्मीचा ताप उतरत नाही, तिला शेजारणीपाशी सोपवून गेली. "दो दिन में आती हूँ" म्हणाली म्हणे.

थदडी म्हणजे दादांनी सांगितलं ते असं: त्या दिवशी सिंध्यांच्या घरी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधायचं, दुसऱ्या दिवशी गार खायचं. गरम काही नाही.

मी विचारलं, "पाणीही उकळायचं नाही?"

"नहीं," ते म्हणाले.

२० ऑगस्ट, शुक्रवार

अकरा नळ्या. अकरांत घट्ट ठिपका. इश्वरीच्या नळीतही.

नळीवर तिचं नाव माझ्याच अक्षरात. उजेडात धरून किती वेळ बघत होते. डॉ. नी बघितली, परत ठेवली. "आज नाही याचा अर्थ तेव्हा नव्हतं असा होत नाही. दहावी आणा."

"तोवर तिला सोडा तरी. पोरगी तापानं फणफणलीय."

"दहावी आणा, बाई."

उद्या थदडी. दादा म्हणाले, सकाळच्या गाडीनं जाऊ.

२१ ऑगस्ट, शनिवार

बदलापूर. स्टेशनपासून चिखलातून अर्धा तास. गिरणीच्या आवारात गावकरी, हमाल, शेठची माणसं, बायका-मुलं. मागच्या पडवीत जसोदामाई, समोर कापडानं झाकलेल्या परातींची रांग. गोड लोलो, दह्याचे हंडे, चटणी. सगळं कालचं, सगळं तिच्या हातचं. मला बघून एवढी हरखली! "अदी आ गई! लीलाराम, तू भी? बैठ, बैठ."

दादांनी सिंधीत सांगितलं, पुन्हा रक्त हवंय. तिचा चेहरा हळूहळू बदलला. मला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "एक बार दिया था ना? साफ निकला था ना?"

दादा माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल, सगळ्यांचंच पुन्हा घेतोय. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मूर्ख नाही ती. इश्वरीला नेलं तेव्हा थाळी-वाटी आगीत पडताना तिनं पाहिलंय.

"दूँगी," म्हणाली. "पहले खाओ. आज का दिन है. मेरा खून ले जाओगे और मेरे हाथ का नहीं खाओगे? फिर मैं समझ जाऊँगी."

दोन पानं वाढली. लोलो, वर दही.

दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला, तुकडा मोडला आणि खाल्ला. पूर्ण पान. मान वर केली नाही. मी बसून होते. ती माझ्याकडे बघत होती, हातात दह्याचा डाव. मला तारेपलीकडची इश्वरी दिसत होती आणि तापात बरळणारी रुक्मी. मी खाल्लं. चव नेहमीसारखीच होती, फार चांगली.

मग तिनं दंड पुढे केला. दादांना सुई टोचवेना, तिनंच दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. "डर मत, लीला."

निघालो तेव्हा आवारात पंगत बसत होती. चाळीस तरी पानं. पुढच्या ओळीत मुलं. जसोदामाई पदर खोचून वाढायला निघाली. मी दादांना म्हटलं, "सांगू या? ओरडून सांगू या?" ते म्हणाले, "क्या बोलेंगे, अदी? फिर से बिना देखे?"

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. शेठच्या एका माणसानं विचारलं, काही राहिलं का. दादा नाही म्हणाले.

नळी संध्याकाळी उबेत ठेवली. नाव मी दोन्ही लिप्यांत लिहून घेतलंय. उद्या रविवार, तरी सातला जायचं आहे. साय दिसली तर इश्वरी सुटेल. मग चाळीस पानं. नाही दिसली तर ती चाळीस माणसं वाचली, पण इश्वरी तिथंच, आणि मला काहीच कळलेलं नाही.

प्रार्थना करायला बसले होते. काय मागायचं ते ठरेना, तशीच उठले.