वाक्य बरोबर होतं

बाबा, आज मला तुमचा भयंकर राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

साताऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी तुम्ही मद्रासला आलात आणि इंग्रजी कच्चं म्हणून साहेबांसमोर गप्प राहिलात. मुलीचं तसं होऊ नये, म्हणून घरात नियम काढलात: दिवसभरात काय झालं ते जेवताना इंग्रजीत सांगायचं. तिरुवल्लिकेणीतल्या आपल्या घराच्या त्या स्वयंपाकघरात आई भाताचा डाव धरून उभी आहे आणि तुम्ही म्हणताय, "आधी भूतकाळ, मग भात." आधी काय घडलं, नंतर काय, चालू काय होतं, प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. डोकं नुसतं भणभणायचं. शेवटी मी सोप्या क्रियापदांपुरताच दिवस सांगायला लागले. गेले, आले, खाल्लं.

सातवीत असताना एकदा बसमध्ये एक माणूस मुद्दाम खेटून उभा राहिला. मी घाबरून मधल्याच स्टॉपवर उतरले आणि चालत घरी आले. ते तुम्हाला सांगायचं होतं, बाबा. "अ मॅन वॉज स्टँड..." तुम्ही थांबवलंत. "स्टँडिंग. पुन्हा." पुन्हा म्हटलं, तर पुढचं क्रियापद चुकलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "नथिंग हॅपन्ड." तुम्ही हसलात. "शाब्बास. अगदी बरोबर वाक्य." आईने भात वाढला. चीड येते हो अजून.

आता इथेच मद्रासमध्ये, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात माझ्या इंग्रजीचं कौतुक होतं. घरी मात्र मी नियम काढलाय की लेकीने मराठीतच बोलायचं. तिला तमिळ येतं, इंग्रजी येतं, मराठीत अडखळते. आज शाळेतून आली ती डोळे सुजवून. दप्तरही न काढता म्हणाली, "आई, मी आज खूप रडला."

"रडला नाही, रडले म्हण," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काही नाही झालं," म्हणाली आणि आत गेली. ते वाक्य बरोबर होतं, बाबा.

दार लोटलेलं आहे. ती का रडली ते मला अजून माहीत नाही. तिच्याजवळ जायचं सोडून मी इथे तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुमच्यावर चिडणं सोपं आहे. उठते आता. तिला म्हणेन, तुला येईल तसं सांग, तमिळमध्ये सांग.