मागणीच्या जागी पक्की

१३ ऑक्टोबर २००८, सोमवार

साइट सुरू झाली! वडशाच्या झिंगूभाऊंच्या नाटक कंपनीची – आणि माझी पहिलीच. गावच्या मंडळानं तारीख मागायची, झिंगूभाऊंनी पासवर्ड टाकून आत जायचं, मंजूर करायचं, की तारीख पक्की. दिवाळीनंतरच्या सगळ्या रात्री पडद्यावर – मोकळ्या हिरव्या, पक्क्या लाल. आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे मालक वामनराव पुन्हा पुन्हा येऊन बघतात. "निशात, अख्ख्या झाडीपट्टीत असं कोणाकडंच नाई!"

ही नीट चालली तर पुढची कामंही मलाच. नाही चालली तर अम्मी म्हणते तसं – रोज राजुरा-चंद्रपूर एसटीचे धक्के बंद, घरी बसून शिवणकाम. माझी सुई कधी सरळ गेली आहे का!

१४ ऑक्टोबर

लाल वाढतंय. मस्त!

१७ ऑक्टोबर

घोळ. मोठ्ठा घोळ.

झिंगूभाऊंचा फोन – "पोरी, दोन नोव्हेंबर मोहटोल्याले कोणं देल्ली? मी नाई देल्ली!" ती रात्र त्यांनी पिंपळझरीला तोंडी दिली होती. तिथल्या सरपंच इंदुताई स्वतः वडशाला येऊन बोलून गेल्या होत्या. साइटवर टाकायला भाऊंनी आज उघडली, तर मोहटोला आधीच लाल! तिकडे दोन्ही गावांत पोस्टर लागले, ऑटोवर भोंगा लावून पुकारणंही झालं.

दोन्ही गावं सिंदेवाहीकडची. मध्ये एक नाला. मंडईच्या – दिवाळीनंतरच्या जत्रेच्या – जागेवरून भांडण झालं तेव्हापासून बोलाचाली बंद.

"आता नटाईची झेरॉक्स काढू का?" – भाऊ ओरडत होते.

१८ ऑक्टोबर

सापडलं. चूक माझीच.

आपल्या साइटवर पत्त्याच्या पट्टीत जे नाव लिहाल, कंट्रोलरमधलं – म्हणजे साइट चालवणाऱ्या कोडच्या फायलीतलं – त्याच नावाचं फंक्शन चालतं. मागणी नोंदवली की पत्त्यात "मागणी" दिसतं, पुढे तिचा नंबर. "मंजूर" पासवर्ड विचारतं आणि मग आतल्या आत "पक्की"ला बोलावतं. पक्की बिचारी तारीख लाल करते. कोण बोलावतंय, विचारतच नाही! बाहेरून तिला कोण बोलावणार, असं मला वाटलं – बटणच नाही ना. बटण नाही, पण पत्ता आहे! मंडपाच्या गेटवर तिकीट तपासणारा उभा केला आणि मागची कनात उघडी ठेवली.

मोहटोल्याच्या मागणीवर प्रफुल म्हणून कोणाचा नंबर होता. लावला. रागावणार होते, पण तो इतका सरळ बोलला – "हो जी म्याडम, मागणीच्या जागी पक्की लिवलं. झालं." सिंदेवाहीच्या सायबर कॅफेत म्हणे. राग आला, पण डोक्याला दादही द्यावीशी वाटली!

लगेच ती तारीख परत हिरवी केली आणि फंक्शनचं नाव बदललं – "पक्की"चं "फायनल". प्रफुललाच म्हटलं, आता करून दाखवा. म्हणाला, "थांबा, सांगतो." दुपार सरायच्या आत फोन – "झालं जी. पुन्हा लाल."

काय माणूस आहे!

१९ ऑक्टोबर, रविवार

सुट्टीच्या दिवशी दुकान उघडायला लावलं. नाव लपवून काही होत नाही. नाव काय, आज ना उद्या कोणीही ओळखणार. पत्त्यावरून हाकच पोचायला नको. मॅन्युअलमध्ये मिळालं – फंक्शनच्या नावाआधी अंडरस्कोअर लावला की ते फक्त आतल्यांचं. आतून बोलावलं तर चालतं, ब्राउझरमधून बोलावलं तर "पान सापडलं नाही". एक आडवी रेघ! एवढ्यासाठी दोन गावं पेटली.

मग एकेक कंट्रोलर उघडून बसले. तारीख रद्द करणारं, निरोप पाठवणारं – सगळीच आतली फंक्शनं उघडी! सगळ्यांना रेघ लावली. स्वतः पत्ते टाकून पाहिले. नाही, नाही, नाही. इतकं गोड "नाही" मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रफुलचा संध्याकाळी फोन – "नाई होऊन राह्यलं जी आता." आवाजात चक्क कौतुक.

पण दोन नोव्हेंबरचं काय? तिला कुठली रेघ लावू?

२१ ऑक्टोबर

वामनरावांबरोबर गोंदियाच्या गाडीनं वडशाला. झिंगूभाऊंच्या ऑफिसात इंदुताई एका बाकावर, प्रफुल समोरच्या. मला वाटलं होतं चष्म्यातला कोणी हुशार पोरगा असेल – हा तर शेतातून उठून आलेला धडधाकट गडी, मान खाली.

मीच आधी बोलले. चूक माझी, कोणाला बोलायचं तर मला बोला. वामनराव मध्येच – "चूक दुकानाची हाय." मला रडूच येणार होतं.

इंदुताई माझ्याकडे वळल्या – "तुले काऊन बोलू? तू त्याले टाईप कर म्हटलं का?" मग प्रफुलला, "आमची तारीख काऊन घेतली रे?"

तो म्हणाला, "ताई, तारीख तुमचीच. पण आमच्या गावात बी पाव्हणे येऊन राह्यले. त्याईले काय सांगू?"

आत तालीम चालली होती. कंपनीची मुख्य नटी गुणाबाई घुंगरं बांधूनच बाहेर आली. "रात एक, नाटक एक. नाल्याजवळच्या वावरात मंडप टाका, दोन्ही गावं येऊन बसा. मी काय दोन्हीकडं मरू?"

मग अर्धा दिवस एकाच गोष्टीवर – भोंग्यावर आधी कोणत्या गावाचं नाव! शेवटी झिंगूभाऊंनी मिटवलं: ऑटो जाताना एक आधी, येताना दुसरं. मी परतीच्या गाडीत पोट धरून हसले.

३ नोव्हेंबर

अब्बू बरोबर आले म्हणून जाता आलं. अम्मीही आली! म्हणे, "मैं तो सिर्फ देखने आयी, कौन सा काम करती है लडकी." पहाटेपर्यंत हलली नाही. गुणाबाई रडली तेव्हा अम्मी तिच्याहून जास्त रडली.

धान कापलेल्या वावरात माणूसच माणूस. सुरुवातीला मधे दोरी होती – इकडे पिंपळझरी, तिकडे मोहटोला. चहाच्या वेळेला दोरी कोणी काढली कोणालाच ठाऊक नाही. सकाळी दोन्हीकडची माणसं एकाच शेकोटीला हात शेकत, पुढच्या वर्षी मंडईही एकत्र घ्यायची म्हणत होती.

५ नोव्हेंबर

आणखी दोन नाटक कंपन्यांना साइट हवी. वामनराव म्हणाले, "निशातच करणार." अम्मीनं शिवणकामाचं नाव काढलं नाही. डब्यात खीर दिली.

२२ नोव्हेंबर

इंदुताई दुकानात! लग्नपत्रिका छापायची. मुलगी त्यांची पुनम. मुलगा – मोहटोल्याचा प्रफुल!! पेढा तोंडात तसाच राहिला.

ताई वामनरावांना अक्षरं कशी हवीत ते सांगत होत्या, तेवढ्यात पुनम माझ्या खुर्चीजवळ आली. हळूच म्हणाली, "दीदी, गावं एका मंडपात बसल्याबिगर आमचं काई जमत नव्हतं. ते पक्की मीच लिवलं होतं. फायनल बी. त्याले तर माऊस बी धरता येत नाई."